दोरासुद्धा तुटला नाही

सुई नखातून आरपार गेली तेव्हा खंडेराव विधाते मोबाईलकडे बघत होते. मशीनवरची सोनेरी वेलबुट्टी चित्रात नीट येतेय का, एवढंच त्यांना बघायचं होतं. मोबाईल रिळांच्या डब्याला टेकवून उभा केलेला, व्हिडिओ चालू, पाय पॅडलवर लयीत खालीवर, आणि डाव्या हाताखाली बायको शुभांगीच्या जुन्या पांढऱ्या परकराचा तुकडा. दिंडोरीकडच्या एका गिऱ्हाईकानं सांगितलं होतं, ‘काका, चालतानाचा व्हिडिओ टाका, मग बोलू.’ आणि मशीन चालत होतं, काय सुरेख चालत होतं! शंभरी ओलांडलेलं मशीन, पण आवाज कसा, तर कुणी शेजारच्या खोलीत हलकेच सुपारी कातरावी तसा. त्या आवाजात एक टक् झालं. आधी दुखलं नाही, नुसता पाय अडला. त्यांनी खाली पाहिलं तर तर्जनीच्या नखाच्या मधोमध सुई उभी होती आणि बोट मशीनला खिळलेलं होतं. तोंडातून जो आवाज निघाला तो आपला आहे हे त्यांना पटेना. पुढच्या क्षणी बोट सुटलेलं होतं, स्टूल पडलेलं होतं आणि ते भिंतीला पाठ लावून उभे होते.

मग दुखायला लागलं. साठीच्या माणसानं बोटाला सुई टोचली म्हणून रडू नये असं त्यांनी स्वतःला बजावलं, पण डोळ्यांनी ऐकलं नाही. मोरीत जाऊन त्यांनी बोट नळाखाली धरलं. पाणी आधी लाल, मग गुलाबी, मग नुसतंच पाणी. घरात कोणी नव्हतं. शुभांगी पंचवटीच्या बाजारात गेली होती, मेथी आणि डिंक आणायला, कारण आज लेक तेजल यायची होती. रुमाल गुंडाळून ते खोलीत परत आले आणि त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर वाकून मशीनला काही झालं नाही ना ते पाहिलं. सुई सरळ होती. पण दोरा तुटला होता, आणि कापडाखाली त्याचा गुंता होऊन बसला होता. चाक उलटं फिरलं की हमखास होतो तसाच गुंता. तो पाहिला आणि खंडेरावांची नजर तिथंच अडकली. का अडकली हे त्यांना लगेच कळलं नाही. ते तसेच वाकून उभे राहिले, बोट ठणकत होतं, आणि मोबाईल इमानेइतबारे त्यांच्या पाठीचं चित्रण करत होता.

खोली आता ओकीबोकी दिसत होती. महिन्यापूर्वी इथं पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला लागून पायमशीनं, मांडणीवर हातमशीनं, खिडकीत मुलींच्या खेळण्यातली दोन जर्मन मशीनं, आणि सगळ्यांवर शुभांगीच्या जुन्या साड्यांची पांघरुणं. ती म्हणायची, “या सवती जेवत नाहीत एवढंच बरं.” मखमलाबादच्या मळ्यात झेंडू आणि निशिगंध पिकवणाऱ्या घरातला हा माणूस. सातपूरच्या कारखान्यात तपासनीस म्हणून आयुष्यभर लोखंडाचे तुकडे मापात आहेत की नाहीत ते बघत राहिला, आणि एका रविवारी भद्रकालीच्या भंगारवाल्याकडे पत्र्यांच्या ढिगात एका शिलाई मशीनची काळी मान दिसली. गंजलेली, चाक घट्ट बसलेलं. ती त्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणली. रॉकेलमध्ये बुडवली, तेल पाजलं, रोज रात्री जेवणानंतर चाकाला हात लावून बघितलं. अन् एक दिवस ते चाक केसभर हललं. खंडेरावांना त्या वेळी जो आनंद झाला, तो लग्नात झाला नव्हता, नोकरी कायम झाली तेव्हा झाला नव्हता, आणि खरं बोलायचं तर तेजल झाली तेव्हासुद्धा असा निर्भेळ झाला नव्हता, कारण तेव्हा सोबत काळजी होती. इथं काळजी नव्हती. लोखंड रुसतं, पण मरत नाही. ते सुटतं, चमकायला लागतं, आणि सुटल्यावर तुम्ही सांगाल तेच करतं. त्या दिवसापासून त्यांना नाद लागला. सिन्नर, निफाड, येवला, कुठं म्हातारी वारली, कुठं घर पाडतायत, याच्या बातम्या त्यांच्याकडे यायच्या. दुःखाच्या घरात जाऊन मशीनबद्दल विचारायला सुरुवातीला त्यांची जीभ रेटायची नाही. नंतर रेटायला लागली.

ही सगळी मशीनं त्यांनी महिन्याभरात विकून काढली, ती तेजलसाठी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही काय कुणी सांगायची गोष्ट आहे? पण डोहाळजेवण झालं, तिला आणायची वेळ झाली, तरी पोरगी फोनवर ‘बघू’ म्हणत राहिली. सिन्नर ते नाशिक म्हणजे काय सातासमुद्रापार नाही. भावकीतल्या बायका शुभांगीला आडून विचारायला लागल्या, पोरीचं काही बिनसलंय का म्हणून. शेवटी शुभांगी एवढंच म्हणाली, “ती खोली रिकामी झाली तर येईल.” खंडेरावांना ते पटलं. बाळ-बाळंतिणीला जागा लागते, वारा लागतो, तेलकट वास चालत नाही. त्यांनी मन घट्ट केलं. टेम्पोवाला लखन आला, “भाऊ, लय जड हाय हो तुमचं खटलं,” म्हणत एकेक उचलून घेऊन गेला. बरीचशी हॉटेलवाल्यांनी घेतली. त्यांना मशीन नको असतं, खालचा बिडाचा, ओतीव लोखंडाचा स्टँड हवा असतो, वर काच टाकून टेबल करतात. वरच्या मशीनचं काय करणार असं विचारल्यावर एक जण हसला होता. तेव्हा खंडेराव बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले होते. राहिलं होतं ते हे एकच, सगळ्यांत जुनं, सगळ्यांत देखणं. याला गिऱ्हाईक मिळत नाही असं ते सांगत होते. खरं म्हणजे त्यांनी किंमतच अशी सांगितली होती की मिळू नये. पण दिंडोरीचा माणूस तीही द्यायला निघाला, आणि आता व्हिडिओ पाठवणं भाग होतं.

या मशीनची एक गोष्ट होती. घरी आलेल्या प्रत्येकाला खंडेराव ती सांगायचे. तेजल तिसरीत असताना बाहुलीचा घागरा शिवायला बसली. पाय जेमतेम पॅडलला पुरत होते. मी तिकडं दुसऱ्या मशीनला तेल घालतोय, आणि एकदम किंकाळी! बघतो तर पोरीच्या बोटात सुई. दुसरा कुणी असता तर गडबडला असता, बोट ओढलं असतं, सुई मोडून आत राहिली असती. मी शांत. एक हात तिच्या खांद्यावर, एक हात चाकावर. हळूहळू, हळूहळू फिरवलं, सुई अलगद वर आली. सुई अख्खी, बोट अख्खं, आणि सांगतो काय, दोरासुद्धा तुटला नाही! इथं ऐकणारे ‘वा’ म्हणायचे. कुणी मशीनवरून हात फिरवायचा. चहा यायचा. तेजल मोठी होत गेली तशी या गोष्टीच्या वेळी आत निघून जायला लागली. आपलं कौतुक ऐकायला लाजते, असं खंडेराव पाहुण्यांना म्हणायचे.

दोरासुद्धा तुटला नाही. आज तुटला होता.

त्यांनी खाली बसून मोबाईल हातात घेतला आणि व्हिडिओ लावला. वेलबुट्टी छान आली होती. कापड सरकत होतं. मग टक्. मग त्यांचा तो परका आवाज. आणि त्याच्याही आधी, आवाजाच्याही आधी, चित्राच्या उजव्या कडेनं त्यांचा हात झेपावला होता आणि त्यानं चाक मागं ढकललं होतं. उलटं. एका झटक्यात. सुई आली त्याच वाटेनं वर गेली, बोट सुटलं. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. हातानं विचार केला नव्हता, कुणाला विचारलं नव्हतं. चाक उलटं फिरवायचं नसतं, हा या धंद्यातला पहिला धडा. उलटं फिरवलं की दोरा तुटतो, आत गुंता होतो, जुन्या मशीनचं खालच्या दोऱ्याचं शटल बिघडतं. शिवणकाम शिकणाऱ्या पोरीला पहिल्या दिवशी हेच सांगतात. खंडेरावांनी तेजलला हेच सांगितलं होतं. आणि आज त्यांच्या हाताला त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नव्हतं.

मग तेव्हा? तेव्हा आपण चाक कुठल्या बाजूला फिरवलं होतं? हा प्रश्न त्यांना आजवर कधी पडलाच नव्हता. दोरा तुटला नव्हता. इतकी वर्षं ते स्वतःच्या तोंडानं, हसत, चहाच्या घोटाबरोबर सांगत आले होते की दोरा तुटला नव्हता. म्हणजे पुढं. म्हणजे खाली जाणारी सुई आधी आणखी खाली गेली असणार, पार तळापर्यंत, त्या एवढ्याशा बोटातून, आणि मग वर आली असणार. आणि हळूहळू! मापं घेण्यात जन्म काढलेला माणूस तो, लगेच सुटकेची वाट शोधायला लागला. कदाचित तिची सुई आधीच तळाला पोचलेली असेल. तसं असेल तर पुढं काय आणि मागं काय, सारखंच. असेलही. त्यांनी डोळे मिटून तो दिवस पुढ्यात आणायचा प्रयत्न केला. खिडकीतून ऊन येत होतं. घागऱ्याचं कापड हिरवं होतं, खणाचं. तिची वेणी पाठीवर सुटलेली. सुई जिथं बसवतात तो स्क्रू उंच होता, अर्ध्यावरसुद्धा आला नव्हता, हे त्यांना स्वच्छ दिसलं, कारण त्यांनी तेव्हा पोरीकडे बघण्याआधी त्याच्याकडे बघितलं होतं. आणि चाक फिरवताना तेजल स्टुलावरून उठून टाचा उचलत उंच उंच झाली होती. आजवर त्यांना वाटत आलं होतं, बाप काय करतोय ते बघायला ती उंच झाली. खंडेरावांनी डोळे उघडले. ठणकणारं बोट त्यांनी दुसऱ्या हातानं घट्ट धरलं होतं.

आपण चांगला बाप आहोत यावर त्यांनी कधी विचारच केला नव्हता, इतकी ती धरून चाललेली गोष्ट होती. कारखान्यातून सुटल्यावर तिला सायकलवर गोदावरीच्या पुलापर्यंत फिरवून आणायचे. कॉलेजची फी कधी चुकवली नाही. लग्नात कशाची कमी पडू दिली नाही. आणि मुलीच्या बोटात सुई रुतलेली असताना आपण मशीनचा धडा पाळत बसलो होतो. जाणूनबुजून नव्हे, हो, जाणूनबुजून कोण करेल? पण स्वतःच्या बोटाच्या वेळी धडा कुठं गेला होता? इथं येऊन त्यांचा विचार आपटायचा आणि पुन्हा मागं फिरायचा. खाली व्हिडिओ संपून पडदा काळा झाला होता. त्यांनी तो व्हिडिओ पुसून टाकायचं ठरवलं आणि पुसला नाही.

दाराची कडी वाजली. शुभांगी पिशव्या घेऊन आत आली आणि फरशीवरचे थेंब बघून तिथंच थबकली. “अगं बाई! हे काय करून घेतलंत?” तिनं पिशव्या टाकल्या, हळद आणली, त्यांचा हात मांडीवर घेतला. “टिटनसचं इंजेक्शन घ्यावं लागेल. कोपऱ्यावरचा डॉक्टर सहाला येतो. दाखवा, हाड तर नाही ना लागलं?” ती बोलत होती, बांधत होती. खंडेराव तिच्या भांगाकडे बघत म्हणाले, “शुभांगी, तेजलच्या बोटात सुई गेली होती तेव्हा तू कुठं होतीस?”

तिचा हात थांबला. मग पुन्हा पट्टी गुंडाळायला लागला. “स्वयंपाकघरात. ओरडली तशी पळत आले. दारात होते मी.”

“मी चाक कुठं फिरवलं?”

“आता कशाला ते?”

“पुढं फिरवलं का?”

शुभांगीनं पट्टीची गाठ मारली, उरलेलं टोक दातांनी तोडलं. “ती म्हणत होती, पप्पा मागं, मागं घ्या. मीही म्हणाले. तुम्ही तिला समजावत होतात, उलटं फिरवायचं नसतं बाळा, उलटं फिरवायचं नसतं.” हे तिनं त्यांच्याच आवाजात म्हटलं, मऊ, मायेच्या आवाजात, आणि खंडेरावांना तो ओळखू आला.

“मग तू मला बोलली का नाहीस कधी?”

“बोलणार होते. तिला दवाखान्यात नेऊन आणलं, निजवली, आणि दुसऱ्या दिवशी तुमचे कारखान्यातले मित्र आले. तुम्ही त्यांना सांगायला लागलात. सुई अख्खी अन् दोरा अख्खा. इतके खूश होतात तुम्ही. मला कळेचना हा माणूस काय सांगतोय. मग वाटलं, कळलं असेल, लपवायला सांगतोय. मग वाटलं, नाहीच कळलं. कळलेलं नसताना सांगणं आणि कळलेलं असून सांगणं, यातलं कुठलं वाईट, ते मला काही ठरवता येईना.” तिनं पिशवीतली मेथी काढून मांडीवर घेतली आणि उगाच निवडायला लागली. “खोली जागेसाठी नव्हती हो रिकामी करायची. ती म्हणाली, आई, ते मशीन त्या घरात असेल तर मला तिथं कळा द्यायच्या नाहीत. बाकीची असती तरी चाललं असतं तिला.”

बाकीची असती तरी चाललं असतं. खंडेराव उठले. आज काही झालं तरी हे घराबाहेर गेलं पाहिजे. त्यांनी लखनला फोन लावला, तो ओझरला भाडं घेऊन गेला होता. त्यांनी एका हातानं मशीन ओढायचा प्रयत्न केला. बिडाचा स्टँड जागचा हलेना. मग खांदा लावला, फरशीवर कर्रकन ओरखडा उठला. “अहो, राहू द्या, कंबर लचकेल,” शुभांगी म्हणाली, पण तीही उठली आणि दुसऱ्या बाजूनं लागली. दोघं म्हातारी धापा टाकत ते धूड ढकलत होती. खोलीच्या दारात ते आडवं अडकलं. ना आत, ना बाहेर. आयुष्यभर त्यांनी मशीनं आणली, पण एक तरी स्वतः बाहेर काढलं होतं का? नेहमी आत आणणं, आत आणणं. आणि तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

शुभांगीनं पदरानं तोंड पुसलं, मशीनशेजारच्या फटीतून ती बाहेर निघाली आणि भाकरीचा तुकडा व पाण्याचा तांब्या घेऊन पळाली. खंडेराव तिच्या मागोमाग गेले, कारण मशीनजवळ उभं राहणं त्यांना शक्य नव्हतं. तेजल उंबऱ्याबाहेर उभी होती, एक हात कमरेवर, चेहरा सुजल्यासारखा भरलेला, सुंदर. जावई गाडीतून बॅगा काढत होता. शुभांगीनं तिच्यावरून तुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. तेजलची नजर आईच्या खांद्यावरून आत गेली. समोरच्या खोलीचं दार, दारात आडवं अडकलेलं ते मशीन. तिनं ते पाहिलं. खंडेरावांनी तिला पाहताना पाहिलं. आता ती मागं वळेल, गाडीत बसेल आणि पुन्हा कधी येणार नाही, अशी त्यांची खात्री झाली. त्यांना म्हणायचं होतं, आत्ता नेतोय, बघ, बाहेरच नेत होतो. त्यांना पाय धरायचे होते. पोरीचे पाय बापानं धरायचे नसतात, पण धरायचे होते.

तेजलचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. पट्टीवर लाल डाग उमटला होता.

“पप्पा, काय झालं?”

“काही नाही गं. सुई.”

“त्याच मशीनवर?”

त्यांनी मान हलवली. तिनं ओल्या पायांनी उंबरा ओलांडला आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. तिच्या तर्जनीच्या नखावरची उभी रेघ त्यांच्या पट्टीशेजारी आली. ती त्यांनी तिच्या लहानपणापासून पाहिली होती आणि कधीच पाहिली नव्हती. तेजलच्या आवाजात टोमणा नव्हता. खंडेरावांनी तो शोधला, फार आशेनं शोधला. तिथं नुसती काळजी होती.

“चाक लगेच उलटं फिरवलंत ना?” तिनं विचारलं.

“हो,” ते म्हणाले.

“बरं केलंत.”

खंडेरावांना रडू फुटलं. शुभांगीसमोर, जावयासमोर, उघड्या दारात. त्यांनी ओठ दाबून पाहिले, तोंड फिरवून पाहिलं, पण ते कशानं आवरेना. तेजल घाबरली. तिनं त्यांचा हात आणखी हळुवार धरला, बोटाला धक्का लागू नये असा.

“फार दुखतंय का, पप्पा?”

त्यांना हो म्हणावं लागलं.